नशा आणि गुन्ह्याची जबाबदारी

(पोलीस पाटलांच्या प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गावात मारामारी होते, एखाद्याचे डोके फुटते, क्वचित एखाद्याचा जीव जातो. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या वेळी जमलेल्या मंडळींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : "माणूस तसा वाईट नाही हो, पण काल प्यायलेला होता. त्याला शुद्धच नव्हती." या वाक्यात आरोपीविषयी थोडी कीव असते, थोडी सारवासारव असते आणि आरोपीला कायद्यातून काहीतरी सवलत मिळेल अशी एक अस्पष्ट समजूतही असते. ही समजूत कितपत खरी, याचा विचार आपणांपुढे मांडावा म्हणून मी येथे उभा आहे. विषय वकिलांचा वाटेल. परंतु महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेले आपण गावात गुन्ह्याच्या ठिकाणी सर्वांच्या आधी पोहोचणारे सरकारी सेवक आहात. आरोपी त्या घटकेला कसा बोलत होता, कसा चालत होता, हे आपण पाहिलेले असते; न्यायाधीशाने ते पाहिलेले नसते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

नशेत केलेल्या अपराधाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी फार प्राचीन काळापासून चालत आल्या आहेत. एक दृष्टी म्हणते, जो शुद्धीवर नव्हता त्याला दोष कसा द्यावा? दुसरी म्हणते, शुद्ध हरपण्याचा दोष त्याचाच आहे, तेव्हा त्याला सूट कशाला? ग्रीस देशातील मितिलिनी नगरीचा शास्ता पिटॅकस याने नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा ठरविली होती, असे ॲरिस्टॉटलने नमूद केले आहे. एक शिक्षा गुन्ह्याची आणि दुसरी नशेची. जुन्या इंग्रजी न्यायपंडितांचाही कल याच बाजूला होता. मद्यपानाने गुन्हा सौम्य होत नाही, उलट वाढतो, असे ते मानीत. एकोणिसाव्या शतकात मात्र तेथील न्यायाधीशांना एक अडचण जाणवू लागली. खुनासारख्या गुन्ह्यात नुसती कृती पुरत नाही, कृतीमागे मनाची एक विशिष्ट अवस्था लागते. मन जर दारूत बुडून गेले असेल तर ती अवस्था होती असे कोणत्या आधारावर म्हणावे?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ८५ व ८६ मध्ये दिले. दिनांक १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि ही दोन कलमे तीत २३ व २४ या क्रमांकांनी जशीच्या तशी आली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना अर्थात जुनीच संहिता लागू राहते. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. वर्षानुवर्षे "पंच्याऐंशी-शहाऐंशी" म्हटले की आम्हा वकील मंडळींना दारूडा आठवे. नव्या संहितेत त्याच दोन क्रमांकांखाली पती व त्याचे नातेवाईक यांनी विवाहित स्त्रीला दिलेल्या क्रूर वागणुकीचा गुन्हा व त्याची व्याख्या आली आहे. आकडे योगायोगाने जुळले, पण प्रत्यक्ष संसारात या दोन गोष्टींचा शेजार किती निकटचा आहे हे आपणांस मी सांगावे असे नाही.

आता कलम २३ पाहू. एखाद्याला त्याच्या नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध नशेचा पदार्थ दिला गेला आणि त्यामुळे आपण काय करीत आहोत, ते चूक किंवा बेकायदेशीर आहे, हे समजण्यासही तो असमर्थ झाला, तर त्या अवस्थेत केलेली कृती गुन्हा ठरत नाही. सरबतात कोणी गुंगीचे औषध घातले, दोघांनी धरून घशात दारू ओतली, अशा प्रसंगांसाठी हे कलम आहे. असे प्रसंग विरळाच. पण या कलमाचा आधार घेऊ पाहणारे पुष्कळ. "मित्रांनी आग्रह केला", "लग्नघरी नाही म्हणता येईना", "अंग दुखत होते म्हणून घरच्यांनीच दिली", ही कारणे न्यायालयात पुन्हा पुन्हा सांगितली जातात. मध्य प्रदेश उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका जुन्या खटल्यात दुखण्यावर उतारा म्हणून वडिलांनीच आग्रहाने दारू पाजली, असे आरोपीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. आग्रह म्हणजे बळजबरी नव्हे. पेला ज्याने आपल्या हाताने तोंडाला लावला, त्याच्या इच्छेविरुद्ध काही घडले असे कायदा मानीत नाही. शिवाय या अपवादाचा फायदा ज्याला हवा, त्यानेच तो सिद्ध करावयाचा असतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ ने हा भार आरोपीवर टाकला आहे.

तेव्हा स्वेच्छेने प्यायलेल्याला पूर्ण सुटका नाही, हे स्पष्ट झाले. खरा पेच पुढच्या कलमात, म्हणजे कलम २४ मध्ये आहे, आणि तेथे मी आपला थोडा अधिक वेळ घेणार आहे.

फौजदारी कायद्यात मनाच्या दोन अवस्थांना फार महत्त्व आहे. एक उद्देश, दुसरी जाणीव. अमुक घडावे अशी इच्छा धरून कृती करणे हा उद्देश. अमुक घडण्याचा संभव आहे हे ठाऊक असून कृती करणे ही जाणीव. विहिरीवर भांडण चालले असता एकाने दुसऱ्याला ठार करण्यासाठी आत ढकलले तर तेथे उद्देश आहे. गर्दीच्या बाजारातून एकाने उधळलेला बैल मोकळा सोडला तर कोणी मरावे अशी त्याची इच्छा नसेलही, पण कोणी मरू शकेल हे त्याला कळत असते. ही जाणीव. कलम २४ ची सुरुवात या दोन्ही शब्दांनी होते : ज्या कृतीला विशिष्ट जाणीव किंवा उद्देश असल्याशिवाय गुन्हा म्हणता येत नाही, अशी कृती नशेत केली असता काय व्हावे? उत्तर असे की, नशेत नसता तर त्याला जी जाणीव असती, तीच जाणीव त्याला होती असे धरून त्याच्याशी वागावे. प्रश्नात दोन शब्द आहेत, उत्तरात मात्र एकच आला. "उद्देश" हा शब्द गळला आहे.

हा शब्द चुकून गळला की मुद्दाम गाळला? या प्रश्नाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या खटल्यात केला. पेप्सू म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबातील संस्थानांचे मिळून बनलेले तेव्हाचे राज्य. हकिकत अगदी आपल्या गावात घडावी अशी आहे. लष्करातून निवृत्त झालेला एक जमादार गावकऱ्यांबरोबर परगावी लग्नाला गेला. वधूच्या घरी दुपारच्या जेवणाची पंगत बसत होती. भरपूर मद्यपान झालेले होते. जमादाराने पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला, मला नीट बसता यावे म्हणून जरा सरक, असे सांगितले. मुलगा सरकला नाही. जमादाराने पिस्तूल काढले आणि त्याच्या पोटात गोळी घातली. मुलगा दगावला. पूर्वीचे वैर नव्हते, काही कट नव्हता. पाटावरच्या जागेपायी एका मुलाचा प्राण गेला.

सत्र न्यायाधीशाने नशा व वैराचा अभाव ध्यानात घेऊन फाशी न देता जन्मठेप दिली. पण आरोपीच्या वकिलाला त्याहून अधिक हवे होते. नशेमुळे ठार मारण्याचा उद्देशच नव्हता, म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे, असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ असा लावला : जाणीवेच्या बाबतीत प्यायलेल्या माणसाला न प्यायलेल्या माणसासारखेच धरावे, तेथे चर्चा नाही. उद्देशाच्या बाबतीत मात्र तो होता असे आपोआप धरता येत नाही. सर्व परिस्थिती पाहून आणि नशा किती चढली होती याचा योग्य विचार करून तो ठरवावा लागेल. नशा इतकी असेल की उद्देश धरण्याची शक्तीच मनात उरली नव्हती, तर उद्देश होता असे म्हणता येणार नाही. पण दारूने केवळ ताबा सुटला, राग लवकर भडकला, एवढेच असेल, तर आपल्या कृत्याचा जो स्वाभाविक परिणाम तोच आपला उद्देश, हा नेहमीचा नियम त्यालाही लागू राहील. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९२० साली बिअर्डच्या खटल्यात सांगितलेल्या तत्त्वांचा येथे आधार घेण्यात आला.

मग जमादाराचे काय झाले? येथे न्यायालयाने जे पुराव्यातून वेचले, ते आपण सर्वांनी नीट ध्यानात घ्यावे. तो मधूनमधून झोकांड्या खात होता, मधूनमधून त्याचे बोलणे असंबद्ध होत होते. परंतु तो स्वतःच्या पायांनी पंगतीच्या जागी आला. त्याने आपल्यासाठी जागा निवडली. ती मिळावी म्हणून दुसऱ्याला सरकावयास सांगितले. गोळी झाडल्यावर त्याने पळून जाण्याचा प्रयत्न केला. थोड्या अंतरावर पकडले गेल्यावर आपल्या हातून घडले, क्षमा करा, अशी विनवणी त्याने केली. पोलीस ठाण्यावर नेताना त्याला धरून न्यावे लागले असा पुरावा नव्हता. एका साक्षीदाराने तो जवळजवळ बेशुद्ध होता असे सांगितले होते, तरी या बारीकसारीक गोष्टींपुढे ती साक्ष टिकली नाही. खुनाची शिक्षा कायम झाली.

पाहा, या निकालाचा सारा भार रक्ताच्या तपासणीवर नव्हता, साध्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवर होता. आपल्या गावात असा प्रसंग घडला तर त्या गोष्टी आपण पाहिलेल्या असतील. "आरोपी दारूच्या नशेत होता" एवढे एक वाक्य खबरीत लिहून भागत नाही. तो कोणाला नावाने ओळखून हाक मारीत होता काय? कुऱ्हाड घरात जाऊन शोधून आणली की हाताशी होती ती उचलली? अनेकांमध्ये नेमक्या एकाच माणसाकडे गेला काय? नंतर हत्यार लपविले काय, कपडे धुतले काय, की तेथेच झोपून गेला? यांतल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कधी आरोपीविरुद्ध जाईल, कधी त्याच्या बाजूने जाईल. दोन्ही सारख्याच निष्ठेने सांगावयाची. शेवटी या उत्तरांवर एका माणसाची शिक्षा खुनाची की सदोष मनुष्यवधाची, हे ठरणार असते. खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. उद्देश नसून केवळ जाणीवेने केलेल्या सदोष मनुष्यवधाला नव्या संहितेच्या कलम १०५ अन्वये दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. (जाणीवेच्या आधारेही काही वेळा खून सिद्ध होऊ शकतो, त्या खोलात आज शिरत नाही.)

जाणीवेच्या नियमाचे बळ किती आहे याचे उदाहरण आपल्या मुंबईतीलच आहे. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक भरधाव मोटार पदपथावर चढली. तेथे मजूर झोपलेले होते. सात जण मरण पावले, आठ जण जखमी झाले. चालक तरुण होता आणि त्याच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला. सत्र न्यायालयाने हा केवळ निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची कैद दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तो निकाल बदलून सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या झोपलेल्या मजुरांशी चालकाचे काही वैर नव्हते, उद्देशाचा प्रश्नच नव्हता. परंतु पिऊन वेगाने गाडी हाकली तर माणसे मरतील हे कोणाही शुद्धीवरच्या माणसाला कळते. मग ती जाणीव चालकाला नव्हती असे म्हणता येत नाही. तीन वर्षे ही शिक्षा सात प्राणांच्या मानाने अपुरी होती, असे माझे वैयक्तिक मत आहे. पण अशा घटनेला "अपघात" म्हणून बाजूला सारण्याच्या वृत्तीला या निकालाने चाप लावला, हे मोलाचे झाले.

घरातील मारहाणीला हाच नियम लागतो. बायकोला मारले, हात मोडला, सकाळी उठून "मला काही आठवत नाही" म्हणाला. इच्छापूर्वक दुखापत करण्याच्या गुन्ह्यात उद्देश किंवा जाणीव यांपैकी एक पुरेशी असते, आणि जाणीव तर कायदा धरूनच चालतो. आठवण नसणे हा बचावच नव्हे. तेव्हा अशा तक्रारीसाठी एखादी भगिनी दारी आली तर "उतरली की येईल ताळ्यावर" असे सांगून तिला परत पाठविण्यास कायद्याचा कोणताही आधार नाही. याउलट चोरीसारख्या गुन्ह्यात लबाडीचा उद्देशच लागतो. बाजाराच्या दिवशी झिंगलेल्या माणसाने आपली समजून दुसऱ्याची सायकल नेली, तर त्याला लगेच चोर म्हणता येणार नाही. प्यायलेला तो प्रत्येक वेळी गुन्हेगारच, असेही नाही.

काहींना वाटेल, ही उद्देश-जाणीवेची फोड कशाला? सरसकट सारखीच शिक्षा का नको? जगातील इतर देशांनी या प्रश्नाशी झगडून निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत. जर्मनीच्या दंड संहितेत बेभान होईपर्यंत नशा करणे आणि त्या अवस्थेत बेकायदेशीर कृत्य करणे हा एक स्वतंत्र गुन्हा आहे. नशेमुळे मूळ कृत्याबद्दल शिक्षा देता येत नसेल, तर या गुन्ह्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॅनडात १९९४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अतिरेकी नशेचा बचाव मान्य केला. लोकक्षोभ झाला. दुसऱ्याच वर्षी संसदेने तो बचाव हिंसेच्या गुन्ह्यांपुरता बंद केला. २०२२ मध्ये न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले आणि काही आठवड्यांतच संसदेने सुधारलेले कलम आणले. नशा करताना पुढील धोका ओळखता येण्यासारखा होता की नाही, हा विचार आता त्यात आहे. या खटाटोपाकडे पाहिले म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या आपल्या दोन लहान कलमांनी बराच तोल साधला आहे, असे मला वाटते. मात्र त्यांची भाषा नव्या संहितेच्या निमित्ताने अधिक सुबोध करण्याची संधी गेली, हेही खरे.

आणखी एक भेद सांगितला पाहिजे. नशा वेगळी आणि नशेने जडलेला रोग वेगळा. वर्षानुवर्षे पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत काहींना कंप सुटतो, नसलेली माणसे दिसतात, कोणी मारावयास येत आहे असे भास होतात. त्या अवस्थेत घडलेल्या कृत्याचा विचार नशेच्या कलमाखाली होत नाही, मनोविकृतीच्या, म्हणजे नव्या संहितेच्या कलम २२ खाली होतो. इंग्लंडमध्ये १८८१ सालीच न्यायमूर्ती स्टीफन यांनी हा भेद स्पष्ट केला होता. म्हणून असा माणूस आढळल्यास त्याने शेवटची दारू केव्हा घेतली, हे घरच्यांना विचारून पोलिसांना सांगावे आणि त्याला ताबडतोब रुग्णालयात पोहोचवावे. ही अवस्था जिवावर बेतू शकते.

आता राहिली तपासणी. रक्तातील मद्यार्क शरीर सतत जाळीत असते. सर्वसाधारण माणसात हे प्रमाण ताशी १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे १५ मिलिग्रॅम धरतात. रात्री दहा वाजता ९० मिलिग्रॅम असलेल्याच्या रक्तात पहाटे चारच्या सुमारास काही उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, तर महाराष्ट्रातील दारूबंदी अधिनियमात ०.०५ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम, हे प्रमाण महत्त्वाचे मानले आहे. तेव्हा आरोपीला रात्रभर चावडीवर बसवून ठेवून सकाळी पाठविले, तर पुरावा आपल्या हातांनी पुसला असे होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्याच्या विनंतीवरून डॉक्टरांना आरोपीचे रक्त घेता येते. ते घेताना त्वचा स्पिरिटने पुसू नये आणि नमुन्याच्या कुपीत सोडियम फ्लोराईड असावे. हे काम डॉक्टरांचे, पण आठवण करून देण्यात कमीपणा नाही. घटनेची वेळ आणि आपण ठाण्यावर वर्दी दिली ती वेळ, दोन्ही घड्याळ पाहून लिहा. "संध्याकाळी" किंवा "जेवणवेळी" असे लिहू नका.

अखेरीस, शिबिराच्या चालकांनी माझ्याकडे आलेला एक प्रश्न दिला आहे : गुन्हा काहीच केला नाही, नुसता पिऊन चौकात शिवीगाळ करतो, त्याचे काय? जुन्या संहितेच्या कलम ५१० मध्ये अशा वर्तनाला चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. तो दहा रुपयांचा दंड पुढे हास्यास्पद झाला होता. नव्या संहितेच्या कलम ३५५ ने तो एक हजार रुपयांपर्यंत नेला आहे आणि कैदेबरोबरच समाजसेवेच्या शिक्षेचीही सोय केली आहे. मात्र ही शिक्षा द्यावयाची ती न्यायालयाने. गावाने परस्पर दंड आकारण्यास किंवा त्याला खांबाला बांधून ठेवण्यास कायद्याची परवानगी नाही.